अंगण वाकडे होते, तरीही

'नाचता येईना अंगण वाकडे' ही म्हण आपल्याकडे बहुधा फिर्यादीचे तोंड बंद करण्यासाठी वापरली जाते. हरलेल्याने पंचाकडे बोट दाखवले की आपण ती उच्चारतो आणि प्रकरण निकालात काढतो. म्हणीत एक गृहीतक दडलेले आहे, ते असे की अंगण नेहमी सरळच असते. पण अंगण खरोखरच वाकडे असेल, ते वाकडे असल्याचे लाखो लोकांनी डोळ्यांनी पाहिले असेल, आणि त्याच वेळी नाचणाऱ्याचा पायही चुकलेला असेल, तर पराभवाचा हिशेब कसा मांडायचा? या प्रश्नाला म्हणीत उत्तर नाही. आम्हांला ते अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये शोधावेसे वाटते, कारण त्या खेळाइतका आपल्या चुकांचा बारकाईने जमाखर्च ठेवणारा दुसरा खेळ आम्हांला ठाऊक नाही.

क्रिकेट ठाऊक असलेल्या वाचकाला बेसबॉल समजायला वेळ लागत नाही. प्रत्येक संघाला नऊ डाव मिळतात आणि प्रत्येक डावात तीन गडी बाद झाले की फलंदाजी संपते. चेंडू मारून फलंदाज पहिल्या बेसकडे धावतो. तो पोहोचण्यापूर्वी बेसवर पाय ठेवून उभ्या असलेल्या क्षेत्ररक्षकाच्या हातात चेंडू आला तर तो बाद. चार बेस पूर्ण करून घरी परतला की एक धाव. फलंदाजाने न मारलेला चेंडू योग्य टप्प्यातून गेला की नाही, हे होमप्लेटमागे उभा असलेला पंच ठरवतो. तीन 'स्ट्राइक' झाले की फलंदाज बाद, चार 'बॉल' झाले की त्याला पहिला बेस फुकट. एवढे पुरे.

आता १९८५ च्या वर्ल्ड सिरीजकडे येऊ. मिसूरी राज्याच्या पूर्व आणि पश्चिम टोकांवरची दोन शहरे, सेंट लुइस आणि कॅन्सस सिटी, एकमेकांसमोर उभी होती. सात सामन्यांची मालिका, चार जिंकेल तो विजेता. सेंट लुइसच्या कार्डिनल्सनी त्या हंगामात १०१ सामने जिंकले होते आणि मालिकेत ते ३-२ असे पुढे होते. २६ ऑक्टोबरच्या रात्री कॅन्सस सिटीत सहावा सामना झाला. नवव्या डावाचा उत्तरार्ध सुरू झाला तेव्हा कार्डिनल्स १-० ने पुढे होते. तीन गडी बाद केले की विजेतेपद त्यांचे.

कॅन्सस सिटी रॉयल्सचा बदली फलंदाज होर्हे ऑर्टा याने पहिल्या बेसच्या दिशेने एक संथ चेंडू ढकलला. जॅक क्लार्कने तो उचलून बेसकडे धावत आलेल्या टॉड वॉरेल या पिचरकडे टाकला. वॉरेलचा पाय बेसवर, चेंडू हातमोज्यात, आणि ऑर्टा अजून बेसच्या अलीकडे. पहिल्या बेसवरचे पंच डॉन डेंकिंजर यांनी हात पसरून त्याला नाबाद ठरवले. दूरचित्रवाणीवर पुन्हा पुन्हा दाखवलेल्या दृश्यात निर्णय चुकल्याचे स्वच्छ दिसत होते, आणि आजतागायत त्याविषयी गंभीर मतभेद नाही. पहिल्या बेसवरचा पंच बहुधा डोळे पायावर ठेवतो आणि चेंडू हातमोज्यात पडल्याचा आवाज कानांनी टिपतो. त्या रात्री प्रेक्षकांच्या कोलाहलात तो आवाज ऐकू येणे शक्य नव्हते, आणि उंचापुऱ्या वॉरेलच्या इतके जवळ उभे राहून हात आणि पाय एका नजरेत मावत नव्हते. चुकीचे कारण समजते. पण चूक ती चूकच.

सेंट लुइसच्या स्मृतीत हा सामना बहुतेक येथेच संपतो. पुढचे सारे जणू त्या पसरलेल्या हातांतून ओघाने आले. प्रत्यक्षात पुढे बरेच काही घडले, आणि आमचा लेख त्या 'बरेच काही'विषयी आहे.

पुढचा फलंदाज स्टीव्ह बॅल्बोनी. त्याचा एक चेंडू उंच उडून रेषेबाहेर, खेळाडूंच्या बैठकीजवळ उतरू लागला. हा साधारणपणे पकडला जाणारा झेल. क्लार्क त्याच्याखाली गेला, अंदाज चुकला, चेंडू जमिनीवर पडला. जीवदान मिळालेल्या बॅल्बोनीने मग फटका मारून पहिला बेस गाठला. त्यानंतर जिम संडबर्गने चेंडू हळूच पुढ्यात ढकलला. वॉरेलने तो उचलून तिसऱ्या बेसकडे फेकला आणि ऑर्टाला बाद केले. येथे वाचकाने क्षणभर थांबावे. ज्याला पंचाच्या चुकीने जीवदान मिळाले तो ऑर्टा धाव न घेताच तंबूत परतला. पुढे कॅचर डॅरेल पोर्टरच्या हातून चेंडू निसटला आणि दोन्ही धावपटू एकेक बेस पुढे सरकले. पहिला बेस मोकळा झाला म्हणून हॅल मॅक्रे याला जाणूनबुजून तेथे पाठवण्यात आले. मग डेन ऑर्ग आला. हा पूर्वी कार्डिनल्सकडूनच खेळलेला. त्याने उजवीकडे फटका मारला, दोन धावपटू घरी आले, सामना २-१ असा फिरला.

मग पराभव कोणी घडवला? कार्डिनल्सचा कैवारी म्हणेल, पंचाने. रॉयल्सचा पक्षपाती म्हणेल, ऑर्टा तर बादच झाला, त्यामुळे पंचाच्या चुकीचा विजयाशी संबंधच उरत नाही. हा दुसरा युक्तिवाद ऐकायला बिनतोड वाटतो आणि तो वारंवार केला जातो. आम्हांला तो मान्य नाही. आपल्या न्यायशास्त्रात कारणाची व्याख्या करताना नैयायिक 'अन्यथासिद्ध' गोष्टी वगळतात. घट तयार होण्यापूर्वी माती वाहून आणणारे गाढव तेथे होते खरे, पण गाढव हे घटाचे कारण नव्हे; माती दुसऱ्या कोणत्याही मार्गाने आली असती. ऑर्टाचे नाबाद ठरणे हे असे गाढव होते काय? हिशेब करून पाहू. निर्णय बरोबर असता तर एक गडी बाद आणि बेस रिकामे अशा स्थितीत बॅल्बोनी खेळायला आला असता. त्याने तसाच फटका मारला असता तर एक बाद, बेसवर एक. प्रत्यक्षात ऑर्टा तिसऱ्या बेसवर बाद झाला तेव्हा स्थिती होती एक बाद, बेसवर दोघे. म्हणजे चुकीच्या निर्णयाची किंमत होती एक जादा माणूस. तो जादा माणूस म्हणजे संडबर्ग, आणि विजयाची धाव त्याचीच. ऑर्टा स्वतः बाद झाला, पण जाताना आपली जागा दुसऱ्याला देऊन गेला.

तेव्हा पंचाची चूक हे गाढव नव्हे. ती मातीच्या जवळपासची वस्तू आहे. पण हा हिशेब 'बाकी सारे तसेच घडले असते' या आधारावर उभा आहे, आणि बाकी सारे कधीच तसेच घडत नसते. बेसवर कोणी नसता तर संडबर्गला तसा चेंडू ढकलण्याचे कारण नव्हते. पिचरने चेंडू वेगळे टाकले असते. शिवाय त्याच सामन्याच्या चौथ्या डावात रॉयल्सचा फ्रँक व्हाइट दुसरा बेस चोरताना बाद ठरला, तोही निर्णय निसटता आणि वादग्रस्त होता, आणि त्यानंतर लगेच पॅट शेरिडनने फटका मारून बेस गाठला. त्या रात्रीच्या पंचगिरीचा जमाखर्च मांडायचा तर ही नोंदही मांडावी लागेल. सेंट लुइसच्या वहीत ती सहसा आढळत नाही.

आणि मग सातवा सामना. पहिल्या बेसवरचे पंच पुढच्या सामन्यात होमप्लेटमागे जातात, या फेरीच्या नियमाने २७ ऑक्टोबरला डेंकिंजरच होमप्लेटमागे उभे होते. यात कोणाला दैवाचा विनोद दिसला तर आम्ही हरकत घेणार नाही. कार्डिनल्सनी जॉन ट्यूडरला चेंडू दिला. ट्यूडरचे त्या वर्षीचे चरित्र विलक्षण आहे. हंगामाच्या सुरुवातीला तो १ विजय आणि ७ पराभवांवर अडखळला होता. त्यानंतर त्याने २० सामने जिंकले आणि एक गमावला. मालिकेतले पहिला आणि चौथा हे दोन्ही सामने त्यानेच जिंकून दिले होते. त्या रात्री तो तिसरा डावही पूर्ण करू शकला नाही. डॅरिल मोटलीने त्याला होमरन मारला, धावा वाढत गेल्या, आणि मैदानातून परतल्यावर ट्यूडरने खोलीतल्या विजेच्या पंख्यावर मूठ मारून हात जखमी करून घेतला. पाचव्या डावात हंगामात २१ सामने जिंकलेला होआकिन अँडुहार चेंडूंच्या निर्णयांवरून डेंकिंजर यांच्या अंगावर धावून गेला. तो बाहेर काढला गेला. त्याच्या आधी व्यवस्थापक व्हाइटी हर्झॉग बाहेर काढले गेले होते. निकाल ११-०.

अकरा धावांचा पराभव कोणत्याही पंचाच्या खात्यावर जमा करता येत नाही. संपूर्ण मालिकेत कार्डिनल्सनी सात सामन्यांत मिळून १३ धावा काढल्या, फलंदाजीची सरासरी .१८५. समोरच्यांच्या धावा २८. धावण्याच्या वेगावर उभा असलेला हा संघ. त्याने हंगामात ३१४ बेस चोरले होते, त्यांपैकी ११० एकट्या व्हिन्स कोलमनने. मालिकेत कोलमन नव्हताच. १३ ऑक्टोबरला, मैदान झाकण्याची यांत्रिक ताडपत्री पसरली जात असताना त्याचा पाय तिच्याखाली सापडला होता. सेंट लुइसच्या पराभवाचे खरे कारण एक ताडपत्री आहे, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ताडपत्रीवर चिडता येत नाही. तिला पत्ता नसतो, दूरध्वनी नसतो. डेंकिंजर यांना दोन्ही होते. सेंट लुइसच्या नभोवाणीवरून ते जाहीर झाले, आणि आयोवातल्या घरी त्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. त्यांनी १९९८ पर्यंत पंचगिरी केली. २०२३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा जवळजवळ प्रत्येक मृत्युलेखाची सुरुवात त्या एका निर्णयाने झाली. तीस वर्षांच्या कामातला एक क्षण.

आमच्या मते येथे दोन प्रश्नांची गल्लत होते. पहिला प्रश्न अन्यायाचा: कार्डिनल्सवर अन्याय झाला काय? निःसंशय झाला. दुसरा प्रश्न कारणाचा: त्या अन्यायामुळे ते हरले काय? सहाव्या सामन्यात तो अनेक कारणांपैकी एक होता, मालिकेच्या पराभवात त्याचा वाटा त्याहून पुष्कळ कमी. पहिल्या प्रश्नाचे ठाम उत्तर दुसऱ्या प्रश्नाला परस्पर जोडले जाते. अन्याय झाला, म्हणून तेच कारण. उलट बाजूचे लोक दुसऱ्याचे उत्तर पहिल्याला जोडतात. ते कारण नव्हते, म्हणून अन्यायाची तक्रार हा रडेपणा. दोन्ही अनुमाने सदोष आहेत.

हे दोन प्रश्न वेगळे असल्याचा सर्वांत स्वच्छ पुरावा २ जून २०१० रोजी डेट्रॉइटमध्ये मिळाला. आर्मांडो गलाराहा या पिचरने क्लीव्हलँडचे ओळीने २६ फलंदाज बाद केले होते. सत्ताविसावाही बाद झाला असता तर ती निर्दोष कामगिरी ठरली असती; बेसबॉलच्या दीर्घ इतिहासात ती फार थोड्यांना साधली आहे. सत्ताविसाव्याला पहिल्या बेसवरचे पंच जिम जॉइस यांनी चुकून नाबाद ठरवले. गलाराहाने पुढचा फलंदाज बाद केला, डेट्रॉइटने सामना ३-० ने जिंकला. येथे पराभव नाही, पण अन्याय पूर्ण आहे. जॉइस यांनी चित्रण पाहिले आणि त्याच रात्री सर्वांसमोर चूक मान्य केली. दुसऱ्या दिवशी संघाची यादी पंचाला देण्यासाठी गलाराहाला पाठवण्यात आले आणि साश्रू जॉइस यांनी ती त्याच्या हातून घेतली. आयुक्तांनी निर्णय बदलला नाही, तेव्हा विक्रमाच्या वहीत ती कामगिरी आजही निर्दोष म्हणून नाही.

वहीचा विषय निघाला म्हणून सांगतो. बेसबॉलच्या धावफलकावर प्रत्येक संघापुढे शेवटी तीन आकडे असतात: धावा, फटके आणि चुका. खेळाडूंच्या चुका धावफलकावर जाहीरपणे मांडणारा दुसरा मोठा खेळ आमच्या पाहण्यात नाही. कोणती चूक 'चूक' म्हणून नोंदवायची हे ठरवायला एक अधिकृत नोंदणीकार बसलेला असतो. पण ही वही जितकी कडक तितकीच आंधळी. क्लार्कने सोडलेला तो झेल तिच्यात चूक म्हणून आला नाही. पोर्टरच्या हातून निसटलेला चेंडू 'पास्ड बॉल' या निराळ्या शीर्षकाखाली गेला. तो चुकांत मोजत नाहीत. आणि पंचाच्या चुकीसाठी फलकावर रकाना नाहीच. मग प्रेक्षक तो रकाना मनात आखतो आणि वहीत न मावलेले सारे त्याच्यात भरतो. पंचांविषयीच्या द्वेषाचा काही भाग या नोंदपद्धतीनेच निर्माण केला असावा, अशी आमची शंका आहे.

साहित्याच्या वाचकांना हा प्रकार अपरिचित नाही. कर्णाच्या पराभवावर मराठीत जितके लिहिले, बोलले गेले तितके क्वचितच दुसऱ्या कोणा पराभूतावर लिहिले गेले असेल. रथाचे चाक, दोन शाप, शल्यासारखा सारथी, कवचकुंडलांची मागणी, ही सारी वाकड्या अंगणाची यादी. शिवाजी सावंतांच्या 'मृत्युंजय'ने (१९६७) ही यादी मराठी घराघरांत पोहोचवली. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये त्याच कर्णाच्या स्वतःच्या कृतींचा कोरडा हिशेब मांडला. वर्गात हा विषय निघाला की विद्यार्थी दोन गटांत विभागतात, आणि गटांची भाषा थेट सेंट लुइस आणि कॅन्सस सिटीची असते. चाक रुतले हे कारण, की सभेत द्रौपदीविषयी काढलेले शब्द हे कारण? महाभारतकाराने दोन्ही ठेवले. चाक रुतल्यावर कर्ण धर्माची आठवण करून देतो, तेव्हा त्याच्या मागणीत तथ्य नाही असे व्यासांनी कोठेही म्हटलेले नाही. ती मागणी करण्याचा अधिकार त्याने आधीच कसा गमावला, एवढेच कृष्णाकडून ऐकवले आहे. आमच्या दोन प्रश्नांची फारकत तेथे फार पूर्वीच झाली आहे.

अमेरिकनांनी स्वतः या विषयावर जी कविता डोक्यावर घेतली ती अर्नेस्ट थेअर यांची 'केसी ॲट द बॅट'. १८८८ मध्ये ती सॅन फ्रान्सिस्कोच्या 'एक्झामिनर' या वृत्तपत्रात छापून आली. केसी हा गावाचा लाडका फलंदाज. पहिला चेंडू तो तुच्छतेने सोडतो, पंच स्ट्राइक देतो, आणि गर्दी पंचाच्या रक्ताची मागणी करते. केसी हात उंचावून तिला शांत करतो. दुसराही सोडतो, तोही स्ट्राइक. तिसऱ्यावर बॅट फिरवतो आणि चुकतो. विनोदी कविता म्हणून ती पाठ केली जाते, पण तिची रचना आम्हांला फार शहाणी वाटते. पहिले दोन निर्णय बरोबर होते की चूक, हे कवी सांगतच नाही. तिसऱ्या चेंडूला पंचाची गरजच पडत नाही. गर्दीचा न्याय पहिल्या चेंडूपाशी अडकून राहतो आणि निकाल तिसऱ्या चेंडूवर लागतो.

येथे आमच्या विरुद्ध बाजूचा एक मुद्दा मोकळेपणाने मांडला पाहिजे, कारण तो सर्वांत बळकट आहे. बेसवरचा एखादा निसटता निर्णय सर्वांना दिसतो, म्हणून त्यावर वाद होतो. पण एका सामन्यात सुमारे ३०० चेंडू टाकले जातात आणि त्यांपैकी निम्म्याच्या आसपास फलंदाज सोडून देतो. त्या प्रत्येक सोडलेल्या चेंडूवर पंचाचा निर्णय असतो. पंचगिरी सामना ठरवत असेल तर ती येथे, मुकाट्याने, ठरवते. टोबायस मॉस्कोविट्झ आणि जॉन वर्टहाइम यांनी 'स्कोअरकास्टिंग' (२०११) या पुस्तकात चेंडूंच्या मोजमापांवरून दाखवले की तीन बॉल आणि शून्य स्ट्राइक झाले असता पंचाची स्ट्राइकची कल्पना सैल होते आणि दोन स्ट्राइक, शून्य बॉल असता ती आवळते. निकाल आपल्या तोंडून लागू नये म्हणून पंच अजाणता खेळ लांबवतो. यात पक्षपात नाही. निर्णायक होण्याचा संकोच आहे. 'पाचामुखी परमेश्वर' म्हणणाऱ्या आपल्या परंपरेला हे ऐकून बरे वाटावे: पंचाला परमेश्वर व्हायचे नसते.

पण १२ ऑक्टोबर १९९७ चा सामना पाहा. फ्लॉरिडा मार्लिन्स विरुद्ध अटलांटा ब्रेव्ह्ज, होमप्लेटमागे एरिक ग्रेग. त्या दिवशी त्यांची स्ट्राइकची चौकट बाहेरच्या बाजूला इतकी रुंदावली होती की फलंदाजाची बॅट पोहोचणार नाही असे चेंडूही स्ट्राइक ठरत होते. मार्लिन्सच्या लिव्हान हर्नांडेझने १५ फलंदाजांना स्ट्राइकवर बाद केले, मार्लिन्स २-१ ने जिंकले. शेवटचा फलंदाज फ्रेड मॅकग्रिफ ज्या चेंडूवर बाद ठरला त्याचे चित्रण आजही लोक हसण्यासाठी पाहतात. ग्रेग यांचा बचाव असा की चौकट दोन्ही संघांना सारखीच होती. ग्रेग मॅडक्ससारखा अचूक पिचर समोर असताना अटलांटानेही तिचा लाभ घेतलाच. हा बचाव आम्हांला पोकळ वाटतो. सारखा माप सर्वांना सारखा पडतोच असे नाही. ज्या पिचरचा हुकमी चेंडू त्या रुंदावलेल्या पट्टीतून जातो त्याला ती देणगी, ज्या डावखुऱ्या फलंदाजाचे हात तेथे पोहोचत नाहीत त्याला ती शिक्षा. येथे अंगण एका कोपऱ्यात वाकडे नव्हते, सबंध अंगणच दुसरे होते, आणि 'अटलांटाने आणखी एक धाव काढायला हवी होती' हे म्हणणे चावट आहे. १९८५ आणि १९९७ यांना एकच म्हण लावता येत नाही.

अध्यापकाला हा भेद कळायला हवा, कारण वर्षातून दोनदा तोच पंच असतो. काठावर नापास झालेला विद्यार्थी फेरतपासणी मागतो तेव्हा शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य हमखास ऐकू येते: नीट अभ्यास केला असता तर काठावर आलाच नसता. वाक्य खरे आहे आणि क्रूरही. त्यात परीक्षकाची चूक विद्यार्थ्याच्या पदरात टाकण्याची सोय आहे. तुल्यबळ संघांचा सामना काठावरच येणार; चांगल्या अंतिम सामन्याचे लक्षणच ते. काठावर असणे हा गुन्हा ठरवला तर पंचाला आयुष्यभराचा परवाना मिळतो. दुसरीकडे, चार विषयांत नापास झालेला जेव्हा पाचव्या विषयातल्या अर्ध्या गुणावर भाषण करतो तेव्हा तो सातव्या सामन्यातला अँडुहार असतो. त्याचा अर्धा गुण त्याला द्यावाच. त्याने तो उत्तीर्ण होत नाही, हेही त्याला सांगावे. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगण्याचे धैर्य आमच्या व्यवसायात कमी आढळते.

आमच्याच व्यवसायातला एक माणूस या वादाच्या मध्यभागी बसला होता, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. ए. बार्टलेट जिअमॅटी हे प्रबोधनकालीन साहित्याचे अभ्यासक, येल विद्यापीठाचे अध्यक्ष, १९८६ मध्ये बेसबॉलच्या नॅशनल लीगचे अध्यक्ष झाले. १९८८ च्या एप्रिलमध्ये सिनसिनाटीचा व्यवस्थापक पीट रोझ याने पहिल्या बेसवरच्या उशिरा दिलेल्या एका निर्णयावरून डेव्ह पॅलोन या पंचाला ढकलले. त्या विलंबामुळे समोरच्या संघाची धाव झाली आणि सिनसिनाटी एका धावेने हरले. रोझच्या तक्रारीत दम होता. जिअमॅटी यांनी त्याला ३० दिवस बाहेर बसवले. निर्णय बरोबर होता असे त्यासाठी म्हणावे लागत नाही. पंचाला हात लावता येत नाही एवढेच पुरते. दान्ते आणि स्पेन्सर शिकवलेल्या माणसाने हा भेद पाळला, याचा आम्हांला थोडा व्यावसायिक अभिमान वाटतो. पुढच्याच वर्षी, आयुक्तपदावर असताना, वयाच्या ५१ व्या वर्षी ते वारले.

२०१४ पासून बेसवरचे निर्णय चित्रण पाहून बदलता येतात. ऑर्टा आज काही मिनिटांत बाद ठरला असता. उरला होता तो होमप्लेटमागचा मुलूख. त्याच्यासाठीही २०२५ च्या सप्टेंबरात अमेरिकी बेसबॉलने २०२६ च्या हंगामापासून नवी पद्धत मंजूर केली: निर्णय पंचच देणार, पण फलंदाज, पिचर किंवा कॅचर यांपैकी कोणीही तत्काळ आव्हान देऊ शकतो आणि यंत्र चेंडूचा मार्ग दाखवते. प्रत्येक संघाला दोन आव्हाने, बरोबर ठरले तर ते शिल्लक राहते, चुकले तर गेले. बाकावर बसलेल्यांना विचारायची परवानगी नाही. समजा, एखाद्या संघाने तिसऱ्या डावापर्यंत उतावीळपणे दोन्ही आव्हाने वाया घालवली, आणि नवव्या डावात पंचाने त्याच्यावर उघड अन्याय केला. सर्वांना दिसते आहे, बोलायचा अधिकार मात्र खर्च झालेला. ही चूक पंचाच्या रकान्यात लिहायची की खेळाडूंच्या?